एकेचाळिसातल्या बारा

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी माझं दही गेलं. नोंद असावी. घरून निघताना ते गोड होतं, घट्ट होतं. मदनमहल ते ऑफिस एवढ्या खड्ड्यांतूनही त्याने शील सोडलं नव्हतं. टेबलाच्या डाव्या अंगाला ठेवलं. त्याच अंगाला बिल्डचं मशीन. आमच्या सॉफ्टवेअरच्या एकेचाळीस लायब्रऱ्या, म्हणजे प्रोग्रॅमचे सुटे भाग, ते रोज सकाळी पहिल्यापासून बांधायला घेतं, तीन तास चाळीस मिनिटं लावतं, आणि तेवढा वेळ मागच्या जाळीतून भट्टीची हवा सोडतं. थेट माझ्या डब्यावर. झाकण उघडलं तर आत बुडबुडे.

सतरा वर्षं या कंपनीत. धरमकाट्यावर ट्रक चढला की त्याचं वजन पकडायचं आणि पावती छापायची, एवढ्यासाठी सगळं तारुण्य गेलं. दही तरी राहू द्यायचं होतं.

मालकाकडे लेखी तक्रार टाकली. 'सबब, मशीन हलवावे अथवा अर्जदारास हलवावे.'

९ ऑक्टोबर

मालकाने बोलावलं. मालक म्हणजे विनीत भैया, इथून पुढे वि.भै. वडिलांनी लोखंडी काटे विकून कंपनी उभी केली, मुलाने एमबीए करून तिला काचेचं दार लावलं. वय एकतीस. एरवी मला दीदी म्हणतो, पगारवाढीचा विषय काढला की मॅडम.

तक्रार छापून समोर ठेवलेली.

'दीदी, ये इकतालीस क्यों बनाते हैं रोज?'

'भैया, हर काँटे का मीटर अलग है. हर मीटर की अलग लाइब्रेरी.'

'चलते कितने हैं आजकल?'

'दस-बारह तरह के.'

'तो बारह बनाओ ना. आप घर में रोज छप्पन भोग बनाती हो क्या?'

बरोबर होतं, हेच वाईट. बिल्डच्या फाइलमध्ये हवी तेवढी नावं द्यायची, तेवढीच टार्गेटं बांधली जातात, त्यांना आणखी काही लागत असेल तर तेही ओढून घेतलं जातं. बाकीची पडून राहतात. चार वर्षांपासून मी हेच सांगून राहिले. तेव्हा कोणी ऐकलं नाही, कारण तेव्हा दही नव्हतं.

उठले तर म्हणाला, 'और दीदी, हर लाइब्रेरी के आगे ये भी डाल देना कि लिखी किसने. एक कॉलम बस.'

बिल्डला लेखकाचं नाव लागत नाही. मला कळलं. कळूनच 'जी भैया' म्हटलं.

१० ऑक्टोबर

दुसरा रकाना भरला. एकेचाळिसांपैकी सात माझ्या. पंधरा सोडून गेलेल्यांच्या. एकोणीस खांडेकरांच्या.

एकोणीस! एवढ्या वर्षांत बाजारात आलेल्या आणि मेलेल्या प्रत्येक मीटरसाठी माणसाने एकेक लिहून ठेवली आहे. कोणी विचारत नाही अशा गोष्टींचा एवढा साठा मी फक्त सासूबाईंच्या पलंगाखाली पाहिला आहे.

११ ऑक्टोबर

खांडेकर. इथून पुढे खां. वय छप्पन. रांझीहून मोटरसायकलने येतात. हेल्मेटच्या आत टॉवेल, टॉवेलच्या आत टोपी. इतकं सोडवल्यावर आत फारसं काही निघत नाही. थर्मासमधलं गरम पाणी पितात आणि प्रत्येक घोटानंतर 'हां' करतात. दिवसाला साठ हां. मोजले आहेत. साधा प्रश्न विचारला तर उत्तर काट्याच्या शोधापासून सुरू होतं. लायब्रऱ्यांची नावं मराठीत ठेवतात: झटका, ओझं, थांब.

ऑफिसात मराठी आम्ही दोघंच. म्हणून त्यांचा माझ्यावर हक्क. वि.भै.समोरसुद्धा 'अगं मीना' करतात. मी अठ्ठेचाळीसची आहे. हाताखाली पाच जण आहेत. माझ्या नवऱ्यालाही 'अगं' म्हणताना दोनदा विचार करावा लागतो.

हे सगळं लिहिलं, कारण यादी करताना यातलं काहीही मनात नव्हतं असं मला पुढे म्हणायचं आहे.

१४ ऑक्टोबर

नकाशा काढला. कोणती लायब्ररी कोणाला बोलावते, त्याचे बाण. जिच्याकडे बाण येतो ती जगली. बारा निघाल्या. पाच माझ्या, सात गेलेल्यांच्या. खां.ची एकही नाही.

तेराव्या नावापाशी थोडी अडले. 'थांब'. काटा हलत असताना जे आकडे येतात ते सोडून द्यायचे, आकडा स्थिर झाला की मगच घ्यायचा, एवढंच ती करते. कामाची वाटली. पण तिच्याकडे एकही बाण नाही. कोणी बोलावतच नाही तिला.

तेवढ्यात खां. मागे येऊन उभे. गरम पाण्याचा कप हातात.

'अगं, काहून बाण काढून राहिली?'

'विनीत भैयांनी सांगितलं.'

'अच्छा. पण थांबवर बाण दिसणार नाही तुला. तिला बिल्ड नाही ओळखत. ती नावानं बोलावली जाते, चालू झाल्यावर. त्याचं असं आहे, आपण जेव्हा पहिला काटा...'

'खांडेकरजी, मीटिंग आहे.'

मीटिंग नव्हती. बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं फोन बघितला. परत आले तर ते जागेवर गेले होते. हां.

यादी पाठवली. बारा.

१५ ऑक्टोबर

वि.भै.: 'खांडेकर अंकल का एक भी नहीं?'

'नहीं भैया.'

'परफेक्ट.' मग माझ्याकडे बघून, 'मतलब, सैड.'

१७ ऑक्टोबर

बिल्ड: चोवीस मिनिटं. सगळं हिरवं, म्हणजे एकही चूक नाही. चाचणीला दोन काट्यांवर लावलं, वजन बरोबर, पावती बरोबर. वि.भै.ने सगळ्यांना समोसे मागवले. खां.नी दोन खाल्ले आणि मला म्हणाले, 'छान केलं मीना, फार वेळ जायचा.'

दही आज गोड राहिलं. खाल्लं.

१८ ऑक्टोबर

दिवाळीचे डबे वाटले. खां.ना सगळ्यात मोठा. मोटरसायकलला दोरीने बांधून नेला, दोनदा उतरून गाठ तपासली.

२७ ऑक्टोबर

दिवाळी झाली. आज पत्र दिलं. वि.भै. स्वतः दिल्लीला, पत्र टेबलावर. महिनाभराचा पगार, आभार, शुभेच्छा.

खां.नी ते उभ्याने वाचलं. मग बसून वाचलं. चार वाजेपर्यंत कपाट आवरलं. कोणी जवळ गेलं नाही, सगळ्यांना एकदम फार काम लागलं होतं. मलाही. निघताना माझ्यापाशी आले. टॉवेल, टोपी, हेल्मेट सगळं हातातच.

'यादी कोणी केली ग?'

'सिस्टिमने.'

'अच्छा,' म्हणाले. 'सिस्टिमने.'

मग म्हणाले, 'गाडीवर सांभाळून जात जा. मदनमहलच्या पुलाखाली अंधार असतो.'

घरी सुधीरला सांगितलं. सुधीर म्हणाला, 'तू यादीच तर केली. काढलं त्यानं.' नवरे अशा वेळी फार उपयोगी असतात. एक घास कमी न करता माणसाला सोडवतात.

१२ नोव्हेंबर

ऑफिस शांत. हां ऐकू येत नाही. तीन दिवस फार बरं वाटलं. चौथ्या दिवशी अकरा वाजता मीच पाणी पिऊन हां केलं. समोरच्या मुलीने वर बघितलं.

२८ नोव्हेंबर

बढती. 'बिल्ड लीड'. पगार तोच, पाटी नवी. शिवाय माझी तक्रार 'गंभीरतेने घेऊन' नवीन मशीन मंजूर. वेगळ्या खोलीत.

जुनं मशीन रिसेप्शनला द्यायचं ठरलं. त्यातलं सगळं पुसायला मीच लावलं. पुसताना पडद्यावर टक्के चढत होते, ते मी शंभर होईपर्यंत उभं राहून बघितले. शत्रूचं प्रेत जळताना बघावं तसं.

४ डिसेंबर

नवीन मशीन. कोरं. बिल्ड अकरा मिनिटं. हिरवं. मटारचा हंगाम सुरू झाला, काट्यांपुढे रात्रंदिवस ट्रॉल्या. म्हणून घाईने पाच काट्यांवर नवी आवृत्ती चढवली. चाचणी ऑफिसातच, टेबलावरच्या छोट्या काट्यावर. पितळी वजन ठेवलं, बरोबर आलं. पितळी वजन हलत नाही.

हे आज नाही सुचलं. आता ९ तारखेला हे वाक्य वर जोडून राहिले.

९ डिसेंबर

पाटणच्या रस्त्यावरच्या काट्यावरून फोन. गेंदालाल, तिथला ऑपरेटर, चाळिशीचा, बोलका.

'दीदी, एक ही ट्राली तीन बार चढ़ाई, तीन वजन आया. पहली बार चौंतीस क्विंटल, फिर इकतीस, फिर सैंतीस. मटर तो वही है दीदी. बीच में किसी ने खाई भी नहीं.'

'मीटर खराब होगा.'

'मीटर में तो ठीक दिखता है. पर्ची पे गलत छपता है. ट्राली पूरी चढ़ने से पहले ही छाप देता है, जैसे इसको कहीं जाना हो.'

फोन ठेवला आणि बाणांचा नकाशा परत उघडला. थांब.

१० डिसेंबर

सगळं कळलं. लिहून ठेवते, कारण ऑफिसात मी हे असं सांगितलेलं नाही.

थांबला प्रोग्रॅम चालू झाल्यावर बोलावतो, सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिलेल्या नावाने. बिल्डला त्याचा पत्ता नसतो, म्हणून बाण नव्हता. पण मग ऑक्टोबरमध्ये वजनं बरोबर कशी आली? कारण जुन्या मशीनच्या फोल्डरमध्ये आदल्या पूर्ण बिल्डची थांब तशीच पडून होती. मी यादीतून काढली, फोल्डरमधून काढली नाही. पॅकिंग करताना फोल्डरमधलं सगळं जातं. म्हणजे दीड महिना आम्ही चोवीस मिनिटांचं कौतुक केलं आणि वजन खां.ची लायब्ररी पकडत होती. माणूस रांझीला घरी बसलेला, त्याचं काम काट्यावर उभं.

नवीन मशीन कोरं होतं. तिथे थांब कधीच नव्हती. सापडली नाही की प्रोग्रॅम तक्रार करत नाही, पहिला आकडा दिसेल तो छापतो.

फोल्डर साफ करून एकदा बांधून बघायचं, हे आम्ही नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतो. मीच शिकवते.

११ डिसेंबर

गेंदालालला मारलं. रात्री दोन ट्रॉलीवाले एकाच वेळी, मग आणखी चौघं. चोर म्हणाले. पुढचा दात गेला, कानावर टाके. सकाळी त्यानेच फोन केला, आवाज जड.

'दीदी, एक दाँत कम हो गया है. मेरे को तौल के देखो, आपका काँटा बता पाता है कि नहीं.'

आणि हसला. मी 'इलाज करवा लो गेंदालाल जी' म्हटलं.

पाचही काट्यांवर ऑक्टोबरची आवृत्ती परत चढवली. वजनं ठीक झाली. पण जुन्यात मंडीने ठरवलेल्या नव्या नमुन्याची पावती नाही, आणि जानेवारीपासून मंडी तीच मागणार.

१२ डिसेंबर

तेरावं टार्गेट म्हणून थांब यादीत घातली. बांधेना. तिला आकड्यांचा एक तक्ता लागतो, कोणता काटा किती सेकंदांत स्थिर होतो त्याचा. तो तक्ता प्रोजेक्टमध्ये नव्हता, जुन्या मशीनच्या एका कोपऱ्यात होता. जे मी उभं राहून पुसलं. ऑक्टोबरची तयार फाइल नव्यात लावून बघितली, प्रोग्रॅमच उघडत नाही.

तक्ता खां.च्या वहीत आहे. हाताने लिहिलेला. कपाट आवरताना वही नेली, मी बघितलं होतं.

वि.भै.: 'आप चले जाओ दीदी. आप लोगों की तो भाषा भी एक है. बोलना सिस्टम से गलती हो गई.' थोडा विचार करून, 'और बोलना सीजन भर फ्रीलांस आ जाएँ. अंकल हैं, मान जाएँगे.'

१३ डिसेंबर, शनिवार

रांझी. दोन खोल्या, पुढे तुळस, शेजारी मोटरसायकल ताडपत्रीखाली. महिनाभर निघाली नसावी, ताडपत्रीवर पानं.

वहिनींनी दार उघडलं. ओळखलं. आत बसवलं आणि उभ्या राहिल्या.

'चहा घेणार? की सिस्टिमला विचारून सांगता?'

घेते म्हटलं. बिनसाखरेचा आला. मी साखर घेते हे त्यांना ठाऊक आहे, कंपनीच्या सहलीला त्यांनीच दोन चमचे घालून दिला होता.

खां. आतून आले. बारीक झालेत. मी गेंदालालचं सांगितलं. वि.भै.चं वाक्य पाठ करून गेले होते, ते तोंडातून निघालंच नाही.

'कोणता दात?' एवढंच विचारलं.

'पुढचा. वरचा.'

'त्याची मुलगी आहे लग्नाची. फोटोत हसायला लागेल त्याला.' मग वही काढली. 'सांगत होतो ना तुला, ती नावानं बोलावली जाते म्हणून. तू निघून गेली.'

'हो.'

'मीटिंग कसली होती?'

मी लॅपटॉप उघडला. त्यांनी उत्तराची वाट पाहिली, बरीच, आणि मग चष्मा लावला.

वही दिली नाही. आकडे वाचून दाखवले, मी लॅपटॉपवर टाइप केले. दोनशेच्या वर. चुकले की 'परत' म्हणायचे. आवाज चढवून नाही, पण प्रत्येक वेळी. अडीच तास. कुठलाही आकडा कुठून आला ते सांगितलं नाही. सतरा वर्षांत पहिल्यांदा मला ऐकायचं होतं, आणि त्यांनी फक्त आकडे वाचले.

शेवटी माझ्या बारांची यादी बघायला मागितली. बोट फिरवत वाचली.

'बरोबर निवडल्या तू. माझ्या अठरा काढल्या तेही बरोबर. मेलेत ते काटे. ही एकच विचारायची होती.'

शिव्या दिल्या असत्या तर परत देता आल्या असत्या.

फ्रीलांसचं सांगितलं. 'विचार करतो,' म्हणाले आणि वही मिटली.

निघताना वहिनी पत्र घेऊन आल्या. कंपनीने दिलेलं अनुभवाचं पत्र. 'हे वाचा. सहायक कर्मचारी लिहिलं आहे यांना. दोन जागी मुलाखतीला गेले. तिथली पोरं विचारतात, अंकल, आप वहाँ करते क्या थे? चाय-वाय?'

'अगं, सोड ना,' खां. म्हणाले. वहिनींना.

'बघते मी,' म्हटलं. बघते म्हणजे काही नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

१५ डिसेंबर

तेरा टार्गेटं. फोल्डर पुसून, पहिल्यापासून. बारा मिनिटं. मग स्वतः पाटणला गेले आणि भरलेली ट्रॉली चालती काट्यावर चढवायला लावली. आकडे धावले, धावले, थबकले. मग पावती. तीनदा चढवली, तीनदा तेच वजन.

गेंदालाल बाजूला उभा, कानाला पट्टी. म्हणाला, 'अब ये सोच के बोलता है.'

वि.भै.ला मेल केली: दुरुस्त. त्याने सगळ्यांना कळवलं, दीदींनी सुट्टीच्या दिवशी जाऊन हंगाम वाचवला. टाळ्यांची चित्रं आली. मी कोणाला दुरुस्त केलं नाही.

२९ डिसेंबर

खां.चा निरोप नाही. मी फोन केला नाही. वि.भै.ने दोनदा विचारलं, 'अंकल का क्या हुआ?' दुसऱ्यांदा उत्तर येण्याआधीच फोन उचलला. आता तक्ता आपल्याकडे आहे म्हटल्यावर घाई संपली. तो तक्ता दोनशे आकड्यांचा आहे आणि मी टाइप करून आणला. म्हणजे त्यांना परत बोलवायचं शेवटचं कारणही मीच रांझीहून उचलून आणलं. हे मला आज, भांडी आवरताना कळलं.

सुधीरला नाही सांगितलं. त्याने सोडवलं असतं.

९ जानेवारी, शुक्रवार

वि.भै.ला आता आठच हव्यात. 'तेरह में से आठ, दीदी. और वो कॉलम वाला फॉर्मेट अच्छा था, वही रखना.' सोमवारपर्यंत. तेरामध्ये पाच माझ्या. पाच कमी करायच्या आहेत. त्याने मोजलं नसेल. मोजलं असेल.

फाइल उघडली, बंद केली.

मग कंपनीच्या कागदावर पत्र टाइप केलं. श्री. खांडेकर, वरिष्ठ सॉफ्टवेअर अभियंता. खाली एकोणीस लायब्रऱ्यांची नावं, प्रत्येकीपुढे ती काय करते. झटका, ओझं, सगळ्या. थांबपुढे चार ओळी झाल्या, कमी करता आल्या नाहीत. त्याखाली, अधिक चौकशीसाठी, माझं नाव आणि माझा नंबर.

सहीच्या गठ्ठ्यात एसीच्या करारामागे ठेवलं. वि.भै. फोनवर होता, कोणाशी तरी हसत. सात कागदांवर सात सह्या. एकही वाचला नाही.

पाचला निघाले, रांझीला. दाराला कुलूप. ताडपत्री नव्हती, मोटरसायकलही नव्हती. शेजारणीला विचारलं, दोघं कुठे गेले? म्हणाली, सकाळी निघाले, सामान होतं, बोलले नाही काही.

पत्राचं पाकीट दाराच्या फटीतून सरकवलं. अर्धं आत गेलं, अर्धं बाहेर. स्कूटरच्या किल्लीने ढकललं. गेलं.